एसडीआरवरून तयार सिग्नल हवेत सोडताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली पट्ट्यातल्या कॉलेजांमध्ये आता सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ, म्हणजे ज्याचा सिग्नल सॉफ्टवेअरमध्ये घडवला-वाचला जातो असा एसडीआर, प्रोजेक्टच्या टेबलावर दिसू लागला आहे. नुसतं ऐकण्यापुरतं काम असतं तोवर फारसं बिघडत नाही. प्रक्षेपण सुरू केलं की आपली चूक दुसऱ्याच्या रेडिओत ऐकू येते. फाइलमध्ये बनवलेला सिग्नल आणि सॉकेटमधून बाहेर पडणारा सिग्नल कधीच तंतोतंत सारखे नसतात. हा फरक मोजल्याशिवाय अँटेना जोडू नका. खालची बहुतेक उत्तरं त्याच आग्रहातून आली आहेत.

कोणत्या एसडीआरवरून प्रक्षेपण करता येतं?

आरटीएल-एसडीआरची स्वस्त डोंगल फक्त ऐकते. तरी एक जवळ हवीच, कारण स्वतःचा सिग्नल तपासायला दुसरा, स्वतंत्र रिसीव्हर लागतो.

हॅकआरएफ वन १ मेगाहर्ट्झ ते ६ गिगाहर्ट्झ चालतो. तो ८ बिटांचा आहे, सेकंदाला २ कोटी सॅम्पलपर्यंत (सॅम्पल म्हणजे सिग्नलचं क्षणोक्षणीचं माप) जातो आणि एका वेळी ऐकणं किंवा बोलणं यांपैकी एकच करतो. ॲडाल्म-प्लूटो १२ बिटांचा आहे, अधिकृत पल्ला ३२५ मेगाहर्ट्झ ते ३.८ गिगाहर्ट्झ, आणि तो दोन्ही एकदम करतो. यूएसआरपी बी२१० चा पल्ला ७० मेगाहर्ट्झ ते ६ गिगाहर्ट्झ, दोन चॅनेल, यूएसबी ३. किंमत मात्र विभागानेच सोसावी अशी. शिकायला सुरुवात करणाऱ्याने प्लूटो घ्यावा असं आम्ही सांगतो. एकाच वेळी पाठवता आणि ऐकता येत असल्यामुळे एका केबलवर संपूर्ण प्रयोग उभा राहतो.

परवाना लागतो का? शक्ती तर १० मिलिवॅटच आहे.

हो, लागतो. शक्ती कमी आहे म्हणून आपोआप सूट मिळत नाही. १९३३ च्या वायरलेस कायद्यापासून आपल्याकडे बिनतारी उपकरण नुसतं बाळगणंही कायद्याच्या कक्षेत आहे, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही रेडिओ उपकरण बाळगण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे एसडीआर कॉलेजच्या नावावर, बिलासह घ्या आणि साठा नोंदवहीत चढवा.

काही पट्ट्यांना परवान्यातून सूट आहे. आपल्या कामाचा पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा. २००५ साली तो ८६५ ते ८६७ असा खुला झाला आणि २०२१ मध्ये ८६८ पर्यंत वाढला. मर्यादा अशा : ट्रान्समीटरची शक्ती १ वॅट, परिणामी प्रसारित शक्ती (अँटेनाचा जोर धरून) ४ वॅट, कॅरिअरची बँडविड्थ २०० किलोहर्ट्झ. दुसरा पट्टा वायफायचा, २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ. पण पुष्कळ जण पुढची अट वाचत नाहीत : ही सूट मान्यताप्राप्त प्रकारच्या उपकरणाला आहे. बाजारातला लोरा मॉड्यूल, म्हणजे कमी शक्तीत लांब संदेश पाठवणारा छोटा रेडिओ, टाइप ॲप्रूव्हलसह, म्हणजे अशा मान्यतेसह, येऊ शकतो. एसडीआर हे मोजमापाचं आणि विकासाचं साधन आहे, त्याला ती मान्यता असेलच असं नाही. म्हणजे पट्टा खुला आहे एवढ्यावरून तुमचा एसडीआर त्यात मोकळेपणी बोलू शकत नाही. शिवाय सूट असलेल्या पट्ट्यात दुसऱ्याला अडथळा करायचा नाही, आणि दुसऱ्याचा अडथळा झाला तर तक्रारही करता येत नाही.

सरळ मार्ग दोन. कॉलेज किंवा कंपनीने दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवरून प्रायोगिक परवान्यासाठी अर्ज करावा. त्यात हवेत प्रक्षेपण करणारा आणि न करणारा असे दोन प्रकार आहेत, आपलं काम कशात बसतं ते आधी ठरवा. दुसरा मार्ग हॅम रेडिओचा, म्हणजे परवाना घेऊन चालवायच्या हौशी रेडिओचा. वयाची १२ वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही परीक्षा देता येते, रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स लागत नाही. मग १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ असे पट्टे आपल्या कॉलसाइनवर (परवान्यातल्या ओळखनावावर) वापरता येतात. हॅमवर गुप्त सांकेतिक संदेश, धंद्याचे निरोप आणि गाणी चालत नाहीत. शिकण्यासाठी हा मार्ग फार चांगला आहे. परीक्षेचा अभ्यासच अर्धा विषय शिकवून जातो.

हवेत न सोडता सराव कसा करायचा?

केबलवर. हे उत्तर लांब आहे, कारण प्रोजेक्टचं बहुतेक काम इथेच पूर्ण होतं.

सामान असं : ५० ओहमच्या दोन एसएमए (छोट्या आट्याच्या रेडिओ जोडणीच्या) केबल, ३० डीबीचा एक आणि २० डीबीचा एक ॲटेन्युएटर (सिग्नल ठरावीक पटीने कमी करणारा), ५० ओहमचा डमी लोड (शक्ती हवेत न सोडता जिरवणारा). डीबी हे पटींचं माप आहे : १० डीबी म्हणजे शक्तीत दहापट फरक. ॲटेन्युएटर २ वॅटचा असला तरी पुरेसा. मागवताना एसएमए आणि आरपी-एसएमए यांत गल्लत करू नका. दोन्हींचे आटे एकमेकांत बसतात, पण मधली पिन जुळत नाही. जोडणी पक्की दिसते आणि सिग्नल मात्र पुढे जात नाही.

आता हिशोब. हॅकआरएफ ८६६ मेगाहर्ट्झच्या आसपास पूर्ण गेनवर (सिग्नल वाढवण्याच्या पूर्ण मापावर) ५ ते १५ डीबीएम देतो. डीबीएम म्हणजे १ मिलिवॅटच्या तुलनेत डीबीत मोजलेली शक्ती. १० डीबीएम धरा. दुसऱ्या हॅकआरएफची ऐकण्याची कमाल मर्यादा उणे ५ डीबीएम, यूएसआरपी बी२१० ची उणे १५. थेट केबल जोडली तर रिसीव्हरच्या तोंडाचा ॲम्प्लिफायर जळू शकतो, आणि तो जळल्याचं लगेच कळतही नाही, नुसता रिसीव्हर बहिरा होतो. ३० डीबी लावले की उणे २० डीबीएम उरतात, ५० लावले की उणे ४०. आरटीएल-एसडीआर असेल तर ५० च लावा. प्लूटो जास्तीत जास्त ७ डीबीएमच्या आसपास देतो. त्याच्याच रिसीव्हरला परत जोडताना ३० पुरतात.

जोडणी झाली, सिग्नल दिसला, की एक तपासणी न चुकता करा. रिसीव्हरकडची केबल काढा आणि तिथे डमी लोड लावा. सिग्नल जवळपास तसाच दिसत राहिला, तर तो केबलमधून येतच नव्हता. दोन्ही उपकरणं शेजारी ठेवल्यावर प्लॅस्टिकच्या पेटीतून आणि यूएसबीच्या वायरीवरून तो गळत होता. उपकरणांत दीडदोन मीटर अंतर ठेवा, यूएसबी केबलवर गळती अडवणारी फेराइटची कडी चढवा. ही तपासणी न करता घेतलेले संवेदनशीलतेचे आकडे निरुपयोगी असतात.

सिग्नलची फाइल नेमकी कशी बनवायची?

उदाहरण म्हणून क्यूपीएसके घेऊ, म्हणजे दर सिम्बॉलला (एका ठोक्याला) दोन बिट पाठवायची पद्धत. बँडविड्थ २०० किलोहर्ट्झच्या आत ठेवायची आहे, म्हणून सेकंदाला १ लाख सिम्बॉल. सिम्बॉलना गोलसर आकार देणाऱ्या रूट रेझ्ड कोसाइन फिल्टरचा रोल-ऑफ (कडेच्या उताराचं माप) ०.३५ ठेवला की बँडविड्थ १३५ किलोहर्ट्झ होते.

आधी बिटांच्या जोड्यांवरून चार सिम्बॉल बनवा. दर सिम्बॉलला ४ सॅम्पल ठेवून १० सिम्बॉल लांबीच्या, म्हणजे ४१ टॅपच्या (गुणकांच्या) फिल्टरमधून ते जाऊ द्या. आता तुमचा दर सेकंदाला ४ लाख सॅम्पल आहे. तो उपकरणाला मानवेल इतका वाढवा : प्लूटोसाठी ५ पट करून २० लाख, हॅकआरएफसाठी २० पट करून ८० लाख. हॅकआरएफला २० लाखही चालतात, पण त्याचा डीए कन्व्हर्टर (आकड्यांवरून सिग्नल बनवणारा भाग) ८० लाखांच्या खाली चालवायला त्याचे निर्मातेच नको म्हणतात. कारण साधं आहे. डीए कन्व्हर्टरमधून सिग्नलच्या प्रती सॅम्पल-दराच्या अंतरावर पुन्हा उमटतात. दर ८० लाख असला की पहिली प्रत ८ मेगाहर्ट्झवर पडते, आणि १.७५ मेगाहर्ट्झवर ठेवलेला ॲनालॉग फिल्टर तिला चांगलं दाबतो. दर कमी असला की ती प्रत जवळ येते आणि फिल्टरच्या उतारावरून निसटते.

शेवटी सगळ्या सॅम्पलमधला सर्वात मोठा शोधा आणि त्याला पूर्ण मापाच्या ०.७ वर आणा. पूर्ण १ वर ठेवलात, तर पुढच्या इंटरपोलेशनमध्ये (मधले आकडे भरताना) दोन सॅम्पलच्या मधलं शिखर मर्यादेबाहेर जातं आणि कापलं जातं.

सिम्बॉलना आकार न देता चौकोनी पल्स तसेच पाठवू नका. त्यांचे बाजूचे पाळे मुख्य सिग्नलपेक्षा फक्त १३ डीबीने खाली असतात. शेजारचा चॅनेल त्यात भरून जातो.

डिस्कची जागाही बघून ठेवा. ८० लाखांच्या दराने ३२ बिट फ्लोटची फाइल सेकंदाला ६४ एमबी खाते, तीच ८ बिटांत १६ एमबी.

फाइल वाजवली, पण नुसता गोंगाट येतो किंवा काहीच येत नाही.

दहांतल्या बऱ्याच वेळा फाइलचा प्रकार चुकलेला असतो. हॅकआरएफच्या ट्रान्सफर आज्ञेला चिन्हासहित ८ बिटांची आय, क्यू, आय, क्यू अशी मालिका लागते (आय आणि क्यू हे प्रत्येक सॅम्पलचे दोन घटक). जीएनयू रेडिओ या सॉफ्टवेअरच्या फाइल सिंकमधून (फाइल लिहिणाऱ्या ब्लॉकमधून) साधारण ३२ बिट फ्लोट बाहेर पडतात. ती फाइल तशीच दिली, की फ्लोटचे बाइट सॅम्पल म्हणून वाजतात आणि अख्खा पट्टा गोंगाटाने भरतो. आरटीएल-एसडीआरची फाइल चिन्हाविना असते, शून्य १२७ च्या आसपास धरलेलं. ती तशीच दिली तर सगळे आकडे गुंडाळून उलटे होतात. प्रत्येक बाइटमधून १२८ वजा करून द्या.

प्लूटोवर उलट तक्रार येते : काहीच निघत नाही. पायथनमधून पाठवताना त्याला १६ बिटांच्या मापातले आकडे लागतात. उणे १ ते १ मधले फ्लोट दिले, की ते पूर्णांकात बदलताना शून्यच होतात. २ चा १४ वा घात, म्हणजे १६,३८४ ने गुणा. यूएसआरपीला मात्र उणे १ ते १ हेच माप लागतं. तिथे १६,३८४ ने गुणलं तर प्रत्येक शिखर कापलं जाईल.

स्पेक्ट्रमच्या मधोमध एक उभी रेघ दिसते, ती कसली?

लोकल ऑसिलेटरची, म्हणजे उपकरणाची मधली फ्रिक्वेन्सी बनवणाऱ्या भागाची, गळती. सिग्नल शून्य असला तरी ती थोडी बाहेर पडतेच. ती पूर्ण घालवता येत नाही, पण बाजूला ठेवता येते : उपकरण हव्या त्या फ्रिक्वेन्सीपासून ३०० किलोहर्ट्झ दूर लावा आणि सॅम्पल सॉफ्टवेअरमध्ये तेवढेच उलटीकडे सरकवा. उदाहरणार्थ ८६५.९८५ मेगाहर्ट्झवर सिग्नल हवा, तर उपकरण ८६६.२८५ वर आणि सिग्नल उणे ३०० किलोहर्ट्झवर.

आता आणखी एक धूसर प्रत ८६६.५८५ वर दिसेल. आय आणि क्यू या दोन वाटांमध्ये उंचीचा आणि फेजचा बारीक फरक असतो, त्यातून हे प्रतिबिंब येतं. प्लूटो आणि बी२१० त्यावर स्वतःच दुरुस्ती करतात, हॅकआरएफमध्ये ते जास्त दिसतं. महत्त्वाचं हे, की सिग्नल, रेघ आणि प्रतिबिंब ही तिन्ही तुम्हाला मुभा असलेल्या पट्ट्यातच पडली पाहिजेत. लोराचा ८६५.०६२५ चा चॅनेल इथे अडचणीचा ठरतो. उपकरण त्याच्या खाली लावलंत, तर रेघ ८६५ च्या बाहेर जाते. तिथे उपकरण वरच्या बाजूलाच लावायचं.

हार्मोनिकची एवढी काळजी का करायची?

कारण ते, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटींवर निघणारे नको असलेले सिग्नल, तुमच्या स्क्रीनवर दिसत नाहीत. तुम्ही ८६६ च्या आजूबाजूचे दोन मेगाहर्ट्झ पाहत बसता, आणि दुप्पट म्हणजे १७३२, तिप्पट म्हणजे २५९८ मेगाहर्ट्झवर तुमचाच सिग्नल जात असतो. १७१० ते १७८५ हा मोबाइल फोन टॉवरशी बोलतात तो पट्टा आहे, २५०० ते २६९० सुद्धा मोबाइलचाच. म्हणजे टॉवरच्या कानात थेट आवाज. ५२५.१४ मेगाहर्ट्झ ही फ्रिक्वेन्सी कुणी सहज निवडली, तर तिची तिप्पट बरोबर १५७५.४२ येते, आणि तो जीपीएसचा मुख्य कॅरिअर आहे. प्रयोगाची फ्रिक्वेन्सी ठरवताना कागदावर तिची दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट मांडून कुठे पडते ते बघण्याला दोन मिनिटं लागतात.

हॅकआरएफ किंवा प्लूटोच्या बाहेर पडणाऱ्या वाटेवर तुमच्या पट्ट्यापुरता फिल्टर नसतो. तो आपण लावायचा. ८६६ साठी एसएमए जोडणीचे छोटे सॉ फिल्टर मिळतात. त्यांत दोनतीन डीबी जातात आणि ते थोड्याच शक्तीचे असतात, म्हणून एसडीआरच्या लगेच नंतर लावायचे, मोठ्या ॲम्प्लिफायरच्या नंतर नाही. दुसरा पर्याय १ गिगाहर्ट्झच्या आसपास कापणारा लो-पास फिल्टर.

तपासायला आरटीएल-एसडीआर साधारण १७६६ मेगाहर्ट्झपर्यंत ऐकतो, म्हणजे दुसरा हार्मोनिक दिसेल, तिसरा नाही. तिसऱ्यासाठी स्पेक्ट्रम ॲनालायझर किंवा टायनीएसए अल्ट्रासारखं यंत्र लागेल. आणि इथे एक फसगत असते : जोरदार सिग्नलने रिसीव्हरच भरून गेला, तर तो स्वतःच हार्मोनिक तयार करतो. खरा कोणता आणि खोटा कोणता हे ओळखायला मध्ये आणखी १० डीबीचा ॲटेन्युएटर लावा. हार्मोनिक १० डीबीनेच खाली आला, तर तो खरोखर ट्रान्समीटरमधून येतोय. २० किंवा ३० डीबीने कोसळला, तर तो रिसीव्हरची निर्मिती होता.

गेन किती ठेवायचा?

शून्यापासून सुरू करा. हॅकआरएफचा ट्रान्समिट गेन ० ते ४७ डीबी, एकेक डीबीच्या पायऱ्यांनी. त्यापुढचा आरएफ ॲम्प्लिफायर आधी बंदच ठेवा. प्लूटोत आकडा उलटा चालतो : ० म्हणजे पूर्ण शक्ती, उणे ८९.७५ म्हणजे सर्वात कमी. नव्या माणसाने शून्य म्हणजे बंद समजून पूर्ण शक्तीने पाठवल्याचे प्रकार घडतात, म्हणून प्रोग्रामच्या पहिल्याच ओळीत उणे ६० लिहून ठेवा. ५ डीबीच्या पायऱ्यांनी वाढवत जा आणि सिग्नलच्या दोन्ही खांद्यांकडे (स्पेक्ट्रममधल्या बाजूच्या उतारांकडे) लक्ष ठेवा. गेन ५ ने वाढवल्यावर सिग्नल ५ ने चढला पण खांदे १५ ने चढले, तर ॲम्प्लिफायर दमला आहे, परत खाली या. ओएफडीएममध्ये (अनेक कॅरिअर एकत्र पाठवायच्या पद्धतीत) शिखरं सरासरीपेक्षा १० ते १२ डीबी उंच असतात, तिथे हे फार लवकर घडतं.

तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवताना टकटक आवाज येतो.

तुकड्याचा शेवट आणि सुरुवात जुळत नाही. २० लाखांच्या दराने १०० किलोहर्ट्झचा टोन म्हणजे एका आवर्तनाला २० सॅम्पल. तुकडा १६,३८४ सॅम्पलचा घेतला, तर त्यात ८१९.२ आवर्तनं बसतात, दर ८.१९२ मिलिसेकंदांनी फेज उडी मारते आणि टोनच्या दोन्ही बाजूंना १२२ हर्ट्झच्या अंतराने काड्या उभ्या राहतात. तुकडा २० च्या पटीत, समजा २०,००० सॅम्पलचा घ्या. पॅकेट असेल तर सुरुवातीला आणि शेवटी ५० मायक्रोसेकंदांचा चढउतार द्या, एकदम चालू-बंद करू नका. हॅकआरएफसाठी दोन्ही टोकांना ५० मिलिसेकंद शून्यंही भरा, नाहीतर शेवटचा बफर निघायच्या आत प्रक्षेपण थांबतं आणि पॅकेटचं शेपूट कापलं जातं. मग सीआरसी (पॅकेट शाबूत आहे का ते तपासणारा आकडा) चुकतो, आणि दोष मॉड्युलेशनमध्ये शोधण्यात संध्याकाळ जाते.

टर्मिनलवर यू, यू, यू अशी अक्षरं येतात.

यूएसआरपीचं हे अंडररन. संगणक वेळेत सॅम्पल पुरवू शकला नाही, मध्ये खंड पडला. दर कमी करा, यूएसबी हब काढून थेट पोर्टला जोडा, लॅपटॉपचा वीजबचतीचा मोड बंद करा, व्हर्च्युअल मशीनमधून चालवू नका. प्लूटोला यूएसबी २ वरून सलग सॅम्पल द्यायचे, तर सेकंदाला ४० ते ५० लाखांच्या वर जाऊ नका. त्याहून जास्त दर हवा असेल, तर तुकडा एकदाच त्याच्या मेमरीत भरा आणि सायक्लिक बफर (तोच तुकडा फिरवत राहण्याची सोय) चालू ठेवा. जीएनयू रेडिओत खरं उपकरण जोडल्यावर थ्रॉटल (वेग आवरणारा) ब्लॉक काढून टाका. वेळेचं गणित उपकरणच पाळतं, दोन घड्याळं एकत्र चालत नाहीत.

सिग्नल किती लांब जातो?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा लांब. ८६६ मेगाहर्ट्झवर मोकळ्या हवेत १ मीटरला ३१ डीबी, १० मीटरला ५१, १ किलोमीटरला ९१ डीबी कमी होतात. १ मिलिवॅट, म्हणजे ० डीबीएम सोडलं, तर समोर अडथळा नसताना किलोमीटरभर अंतरावर उणे ९१ डीबीएम पोचतात. २०० किलोहर्ट्झ रुंदीच्या बऱ्या रिसीव्हरचा गोंगाट उणे ११३ च्या आसपास असतो. म्हणजे २२ डीबी हातात उरतात. शहरात भिंती बरंच खातात, पण टेंबलाईच्या टेकडीवरून किंवा पन्हाळ्याच्या तटावरून प्रयोग करायचा बेत असेल, तर हा हिशोब आधी मांडा. उंचीवर गेलं की तुमचा सिग्नल तर लांब जातोच, त्याच्यातला कचराही तेवढाच लांब जातो.

ऊसशेतीसाठी लोरा सेन्सर करतोय. एसडीआरवरून लोरा पाठवून रिसीव्हर तपासता येईल?

येईल, आणि एसडीआरचा हा फार चांगला उपयोग आहे. शेतात मॉड्यूल पुरल्यावर सिग्नल किती क्षीण होईपर्यंत ऐकू येतो, हे टेबलावरच मोजता येतं.

भारतासाठी लोरावॅनचे (लोरावर चालणाऱ्या जाळ्याच्या पद्धतीचे) ठरलेले तीन चॅनेल आहेत : ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ मेगाहर्ट्झ. बँडविड्थ १२५ किलोहर्ट्झ आणि स्प्रेडिंग फॅक्टर (सिम्बॉल किती लांबवायचा तो आकडा) ७ असेल, तर एक सिम्बॉल १.०२४ मिलिसेकंदांचा, फॅक्टर १२ ला ३२.७६८ मिलिसेकंदांचा. सिग्नल केबलने मॉड्यूलच्या अँटेना-जोडणीला द्या, मध्ये ५० डीबी ठेवा, आणि एसडीआरचा गेन उतरवत पॅकेट कधी गळायला लागतात ते लिहा. फॅक्टर ७ ला एसएक्स१२७६ ही लोरा चिप साधारण उणे १२३ डीबीएमपर्यंत ऐकते. इतक्या खाली जाताना केबलबाहेरची गळती हाच मोठा शत्रू असतो. मॉड्यूल बंद धातूच्या डबीत ठेवल्याशिवाय हे मोजमाप जमत नाही.

मॉड्यूल काहीच ऐकत नसेल, तर तीन गोष्टी बघा. सिंक वर्ड (पॅकेटच्या सुरुवातीची ओळखखूण) जुळतो का : खाजगी जाळ्याला सोळाच्या पायातला १२, लोरावॅनला ३४. दुसरं, आय आणि क्यू उलट झालेत का. तसं झालं की वर चढणारा चर्प (लोराचा सरकत्या फ्रिक्वेन्सीचा सूर) खाली उतरताना दिसतो आणि मॉड्यूलला तो अनोळखी वाटतो. तिसरं, हेडर आणि सीआरसीच्या सेटिंग दोन्हीकडे सारख्या आहेत का.

फ्रिक्वेन्सी थोडी सरकलेली दिसते.

२० पीपीएमचं (दहा लाखात २० भाग चुकणारं) स्फटिक असेल, तर ८६६ मेगाहर्ट्झवर १७ किलोहर्ट्झपर्यंत चूक येते. १२५ किलोहर्ट्झच्या लोराला ती चालते, १२.५ किलोहर्ट्झच्या अरुंद एफएमला अजिबात नाही. उपकरण वीसेक मिनिटं चालू ठेवून गरम होऊ द्या, मग चूक मोजून सॉफ्टवेअरमध्ये वळती करा. चैत्र-वैशाखात पत्र्याच्या शेडमध्ये मोजलेली दुरुस्ती पावसाळ्यात लागू पडत नाही. कायमचा इलाज म्हणजे ०.५ पीपीएमचा टीसीएक्सओ (तापमानाची भरपाई करणारा ऑसिलेटर) किंवा बाहेरून १० मेगाहर्ट्झचा संदर्भ. हॅकआरएफ आणि बी२१० दोन्हींना त्याची वेगळी जोडणी आहे.

जीपीएसचा सिग्नल बनवून फोन फसवता येतो का? जॅमर? गाडीची रिमोट किल्ली?

हवेत हे काहीही सोडू नका. जॅमर वापरणं हा गुन्हा आहे. दुसऱ्याच्या गाडीचा किंवा गेटचा सिग्नल टिपून वाजवणंही त्यातच जमा.

जीपीएसचं गांभीर्य आकड्यांत बघा. उपग्रहाचा सिग्नल जमिनीवर उणे १३० डीबीएमच्या आसपास पोचतो. तुम्ही १५७५.४२ मेगाहर्ट्झवर केवळ १ मिलिवॅट सोडलं, तर १० किलोमीटरवर अडथळ्याविना उणे ११६ पोचतात, म्हणजे खऱ्या उपग्रहापेक्षा १४ डीबी जोरदार. उजळाईवाडीचा विमानतळ शहराला लागूनच आहे. विमानांचा १०८ ते १३७ मेगाहर्ट्झचा पट्टाही असाच वर्ज्य, आणि त्याला खेटून असलेला एफएमचा पट्टाही, १०२.७ वर आकाशवाणी कोल्हापूर ऐकणाऱ्या घरांत तुमचा टोन घुसायला नको. जीपीएस रिसीव्हरचं संशोधन करायचंच असेल, तर प्रायोगिक परवाना, पूर्ण केबल, पुरेसे ॲटेन्युएटर आणि बंद पेटी, याखेरीज दुसरी रीत नाही.

बंद पेटी कोल्हापुरात करून मिळेल?

उद्यमनगरात पत्र्याचं काम करणाऱ्या कुठल्याही शॉपमध्ये. २ मिलिमीटर ॲल्युमिनियम पुरतं; पत्रा किती जाड यापेक्षा सांधे कसे बसतात याला महत्त्व आहे. फट तरंगलांबीच्या विसाव्या भागापेक्षा लहान हवी : ८६६ मेगाहर्ट्झला १.७ सेंटिमीटर, २.४ गिगाहर्ट्झला ६ मिलिमीटर. म्हणून झाकणाचे स्क्रू २.४ गिगाहर्ट्झसाठी ६ मिलिमीटरच्या अंतराने ठोकण्याऐवजी कडेला चारी बाजूंनी वाहक जाळीची गॅस्केट लावा. ऑर्डर देताना स्पष्ट सांगा, की झाकण टेकतं त्या कडेवर पावडर कोटिंग किंवा ॲनोडायझिंग नको. दोन्ही थर वीज अडवतात, आणि दिसायला सुरेख असलेली पेटी रेडिओच्या दृष्टीने उघडीच राहते.

आत जाणारी प्रत्येक वायर सिग्नल बाहेर आणते. साधी यूएसबी वायर भोकातून घातली, तर पेटीचा अर्धा उपयोग संपला. आत रास्पबेरी पाय आणि पॉवर बँक ठेवून आधी ठरवलेला प्रोग्राम चालवणं सर्वात स्वच्छ. मोजणी झाकण उघडं आणि बंद ठेवून, बाहेरच्या रिसीव्हरवर. फोन आत ठेवून रिंग वाजते का बघणं हे मोजमाप नव्हे.

बाहेरचा पॉवर ॲम्प्लिफायर लावू का?

परवान्यात तेवढी शक्ती असेल तरच. क्रम असा : एसडीआर, ॲटेन्युएटर, ॲम्प्लिफायर, लो-पास फिल्टर, अँटेना. फिल्टर ॲम्प्लिफायरच्या आधी लावून भागत नाही, कारण ॲम्प्लिफायर स्वतः नवे हार्मोनिक करतो. आणि अँटेना किंवा डमी लोड लावल्याशिवाय त्याला वीज देऊ नका. परत फिरलेली शक्ती ट्रान्झिस्टर जाळू शकते.

अँटेना घरी केली तर?

पाव तरंगलांबीची काडी ८६६ ला ८.२ सेंटिमीटर, ४३५ ला १६.४. खाली जमिनीदाखल तेवढ्याच लांबीच्या चार काड्या. नॅनोव्हीएनएवर (अँटेना तपासायच्या छोट्या यंत्रावर) बघून मिलिमीटर-मिलिमीटर कापत जा. आधीच आखूड कापली तर पुन्हा करावी लागते.

अर्थिंग, वळीव आणि पावसाळा यांबद्दल काही?

दोन पिनच्या चार्जरवरच्या लॅपटॉपच्या धातूच्या भागावर विजेचा गळका दाब असतो, हात लावल्यावर झिणझिण्या येतात तोच. असे दोन लॅपटॉप एसएमए केबलने जोडलेत, तर पहिली ठिणगी रिसीव्हरच्या तोंडातून जाते. तीन पिनचा, अर्थिंग असलेला बोर्ड वापरा, किंवा दोन्ही बॅटरीवर ठेवा. केबल आधी जोडा, यूएसबी नंतर. हॅकआरएफचा अँटेना पॉवर आणि डोंगलचा बायस टी (दोन्ही सोयी केबलवरून डीसी वीज देतात) बंद आहे याची खात्री करा, मध्ये डीसी ब्लॉक असला तर उत्तम.

वळवाच्या दिवसांत गच्चीवरची अँटेना ढग दिसताच काढा. वीज दूर पडली तरी वायरीत जो झटका येतो तो एसडीआरला पुरतो. जून ते सप्टेंबर एसएमएच्या टोकांवर काळपट थर चढतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने पुसा, टोप्या लावा, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. केबल घट्ट करताना नट फिरवा, केबल नाही. एसएमएची जोडणी साधारण ५०० वेळा उघडबंद सोसते, म्हणून रोजच्या वापराच्या पोर्टवर एक आखूड जोडतुकडा कायमचा बसवून ठेवा आणि झिजल्यावर तो तुकडाच बदला.